ट्रकची ट्रायल द्यायला निघालात? आधी हे वाचा

ट्रान्सपोर्ट कंपनीत पहिल्यांदाच ड्रायव्हर म्हणून जाणाऱ्या पोरांना एकच धास्ती असते: ट्रायलला गाडी नीट पळवता येईल ना? पण गाडी पळवून दाखवा असं म्हणतंय कोण? चाकण, भिवंडी, कळंबोली, नागपूरचं वाडी, कुठेही जा. ट्रायल घेणारा शेजारी बसतो तो एवढंच बघायला, की या माणसाच्या हातात गाडी दिली तर गाडी आणि माल दोन्ही धड परत येतील का. ते हायवेवर ऐंशीने जाताना कळत नाही. यार्डात पाच-दहाच्या स्पीडला कळतं, आणि पुष्कळदा चावी फिरवायच्या आधीच कळतं.

मी आधी स्टिअरिंगवर होतो, आता शेजारच्या सीटवर बसून नव्या पोरांचा हात बघतो. त्यामुळे खाली लिहिलंय ते दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे. ओळखीच्या मालकाकडे ‘उद्यापासून ये’ म्हणून मिळणाऱ्या कामाला यातलं निम्मं लागणार नाही. अर्ज, मुलाखत, ट्रायल, मेडिकल अशी रीत असलेल्या कंपनीत जाणार असाल, तर सगळं लागेल.

लायसन्स आधी स्वतः वाचा

हसू नका. आपल्या लायसन्सवर काय छापलंय हे न वाचता येणारे बरेच असतात. कार्डावर दोन मुदती असतात, एक एनटी म्हणजे खासगी वाहनांची आणि दुसरी टीआर म्हणजे ट्रान्सपोर्टची. खासगीची तारीख लांबची असते, पोरगं तीच बघून निर्धास्त राहतं, आणि ट्रान्सपोर्टची मुदत कधीच उलटून गेलेली असते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्ट लायसन्स पाच वर्षं चालतं. पूर्वी मुदत संपल्यावर तीस दिवसांची सवलत मिळायची, तीही त्याच दुरुस्तीत गेली. म्हणजे मुदत संपली त्या दिवसापासून तुम्ही बिनलायसन्सचे. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपायच्या वर्षभर आधीपासून करता येतो. संपून वर्ष उलटलं तर पुन्हा चाचणी द्यावी लागते.

वर्ग कुठला लागतो हेही पाहा. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं, की माल धरून एकूण वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. त्यामुळे छोटा हत्ती, पिकअप, ४०७ यांच्यासाठी वेगळी ट्रान्सपोर्ट नोंद लागत नाही. पण हे वजन आरसीवरचं धरायचं, गाडीकडे बघून अंदाजाने नाही. ११०९ सारखी गाडी दिसायला फार मोठी नसते, पण ती या हद्दीच्या बाहेर जाते. दहा टायर, बारा टायर, ट्रेलर यांना तर ट्रान्सपोर्टची अवजड वाहनाची नोंद हवीच. ती काढायला वय किमान २० पूर्ण आणि आधीचं एलएमव्ही लायसन्स किमान एक वर्ष जुनं लागतं. आठवी पासची अट २०१९ मध्ये रद्द झाली, तेव्हा शाळा अर्धवट सुटली म्हणून कोणी एजंट घाबरवत असेल तर त्याला चहा पाजून निरोप द्या.

गॅस, पेट्रोल, केमिकलच्या टँकरवर जायचं असेल तर धोकादायक मालाची वेगळी नोंद लागते. त्यासाठी तीन दिवसांचं प्रशिक्षण असतं आणि ती नोंद तीनच वर्षं चालते. माहुल, तळोजा, पाताळगंगा, लोटे या भागांत काम शोधणाऱ्याने हे आधी उरकून घ्यावं. त्या कंपन्या नोंदीशिवाय अर्जच हातात घेत नाहीत.

फाइल

एक साधी प्लास्टिकची फाइल घ्या. लायसन्स, आधार, पॅन, बँकेचं पासबुक किंवा रद्द केलेला चेक, चार फोटो, रहिवासाचा पुरावा, आणि आधी कुठे काम केलं असेल तर तिथलं पत्र. पत्र नसेल तर जुन्या मालकाचा किंवा सुपरवायझरचा नंबर, त्याला आधी विचारून. मेडिकल सर्टिफिकेट फॉर्म १-ए वर नोंदणीकृत डॉक्टरकडून आणा. पुष्कळ कंपन्या पोलिस पडताळणीही मागतात. ती ऑनलाइन अर्ज करून मिळते, पण वेळ लागतो, म्हणून मुलाखतीचं बोलावणं येण्याची वाट बघत बसू नका.

सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं आहे का बघा. लायसन्सवर ‘ज्ञानेश्वर’ आणि आधारवर ‘ज्ञानदेव’ असेल तर पीएफच्या वेळी डोकेदुखी तुमचीच. थकलेले ई-चलान असतील तर भरून टाका. गाडी मालकाची असली तरी तुमच्या लायसन्सवर काय नोंदलंय हे कंपनी परिवहनच्या पोर्टलवर बघते. ‘ते मालकाचं होतं साहेब’ हे उत्तर रोज ऐकून कान किटलेत.

आदल्या रात्री झोप काढा. मेडिकलला डोळे, रक्तदाब, साखर बघतात. जागरण करून आलात की रक्तदाब चढलेला निघतो आणि पुन्हा हेलपाटा. चष्मा असेल तर लावून या, लपवू नका, चष्म्याने कोणाची नोकरी गेलेली नाही. काही ठिकाणी गेटवरच तोंडात नळी देऊन फुंकायला लावतात. रात्री उशिरापर्यंत बसलेल्याचा दारूचा अंश सकाळीही निघू शकतो. कायद्याची मर्यादा १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलीग्रॅम आहे, पण कंपनीची मर्यादा शून्य असते.

पायात बूट घाला. चपलेवर आलेल्याला ट्रायलला बसवतच नाहीत, कारण चप्पल पेडलखाली अडकते. आणि तोंडातला तोबरा गेटबाहेर थुंकून या.

मुलाखतीत काय विचारतात

मुलाखत बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत आटपते. समोर फ्लीट मॅनेजर किंवा सुपरवायझर असतो. त्याच्या डोक्यात काल रात्री बंद पडलेली गाडी असते, तुमचा बायोडेटा नसतो. तेव्हा थोडक्यात, सरळ बोला. ‘साहेब’ म्हटलं तरी चालतं, ‘सर’ म्हटलं तरी चालतं; पण पुढे पुढे करू नका.

पहिला प्रश्न ठरलेला: ‘किती वर्षं चालवतोय?’ इथे आकडा फुगवण्याचा मोह सोडा. चार वर्षं सांगितलीत आणि लायसन्सवर ट्रान्सपोर्टची नोंद गेल्या वर्षीची असेल, तर पुढची चौदा मिनिटं वाया. त्यापेक्षा ‘दोन वर्षं क्लीनर होतो, दिवाळीनंतर लायसन्स झालं, तेव्हापासून आयशर चालवतो, पुणे-नाशिक लाइनला’ असं सांगा. क्लीनर म्हणून काढलेला काळ ही कमीपणाची गोष्ट नाही. ज्याने टायर उतरवले, ताडपत्री बांधली, ग्रीस मारलं, तो गाडीचा आवाज ओळखतो.

मग येतं ॲव्हरेज, म्हणजे लिटरला किती किलोमीटर. ‘किती काढतोस?’ काही पोरं छाती फुगवून मोठा आकडा सांगतात. विचारणाऱ्याला प्रत्येक गाडीचं डिझेल पाठ असतं. बरं उत्तर म्हणजे गाडी कुठली, माल किती, रस्ता कुठला हे धरून दिलेलं. भरलेली दहा टायर चार-साडेचारच्या आसपास देते, घाट असेल तर कमी, रिकामी आली तर जास्त. एवढं बोललात तरी समोरचा मान हलवतो. लगेच तो विचारेल, ‘उतारावर न्यूट्रल करतोस का?’ हा सापळा आहे. डिझेल वाचतं म्हणून हो म्हणणारा तिथेच संपला. घाटाचं बोलू तेव्हा कारण सांगतो.

‘रात्री झोप आली तर काय करशील?’ याला ‘मला झोप येतच नाही’ हे सगळ्यात वाईट उत्तर. झोप सगळ्यांना येते. ‘पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याला बाजूला घेईन, ऑफिसला फोन करून सांगेन, अर्धा-पाऊण तास डोळा लावून मग निघेन’ असं म्हणा. दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्यातच लिहिलेलं होतं. रस्त्यावर ते किती पाळलं जातं हे मला नका विचारू. पण थांबेन म्हणणाऱ्या ड्रायव्हरला नावं ठेवणारी कंपनी असेल तर ती तुम्हीच सोडा.

‘लोडिंगवाल्याने जास्त माल टाकला तर?’ उत्तर: काट्यावर वजन करायला सांगेन, जास्त निघाला तर ऑफिसला कळवेन, तसाच निघणार नाही. ओव्हरलोडला २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं वजन दोन्ही असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे तुम्हाला नेता येणारा माल. ही वजाबाकी तिथल्या तिथे करून दाखवायला लावणारेही आहेत.

‘अपघात झाला तर?’ हा प्रश्न जपून ऐका. २०२४ च्या जानेवारीत नव्या कायद्यातल्या हिट अँड रनच्या तरतुदीवरून देशभर चक्का जाम झाला, तेव्हापासून हा विषय तापलेला आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ सांगतं, की जखमीला उपचार मिळतील अशी व्यवस्था करायची आणि पोलिसांना कळवायचं. जमाव अंगावर येत असेल तर जागेवर थांबणं शक्य नसतं, पण मग जवळच्या पोलिस ठाण्यात लगेच हजर व्हायचं, कुठल्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत. रुग्णवाहिकेला १०८, पोलिसांना ११२, राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. हे तीन नंबर तोंडपाठ हवेत, मोबाइलमध्ये सेव्ह असून भागत नाही. अपघातात आधी मोबाइलच सीटखाली जातो.

कागदपत्रांचे प्रश्नही येतात. गाडीत काय काय असलं पाहिजे? आरसी, विमा, फिटनेस, परमिट, पीयूसी. मालाबरोबर बिल्टी (ट्रान्सपोर्टची मालाची पावती), इन्व्हॉइस आणि ई-वे बिल (जीएसटीचा ऑनलाइन निघणारा मालाचा पास). ई-वे बिलाची मुदत साध्या मालाला दर २०० किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने असते, आणि त्यावर ज्या गाडीचा नंबर आहे तीच गाडी लागते. गाडी बदलली तर नंबर बदलून घ्यायचा. गाडी बंद पडून मुदत संपत आली तर ऑफिसला वेळेत फोन, कारण मुदत वाढवायला ठराविकच तास मिळतात. कंटेनर असेल तर सीलचा नंबर बिल्टीवरच्या नंबराशी जुळवून मगच गेट सोडायचं. माल उतरवल्यावर पोच घेताना त्यावर शिक्का, सही आणि तारीख नसेल तर ती पोच नाही. कमी-जास्त, फुटलेलं, भिजलेलं काही असेल तर तिथेच लिहून घ्या. पगारातून कापले जाणारे बहुतेक पैसे याच एका कागदावरून कापले जातात.

ट्रायल: खाली उतरून सुरुवात

सुपरवायझर चावी देतो आणि म्हणतो, ‘घे गाडी.’ दहातले आठ जण थेट केबिनमध्ये चढतात. तुम्ही चढू नका. ‘सर, एक चक्कर मारून घेतो,’ म्हणा आणि गाडीभोवती फिरा. इथेच निम्मी ट्रायल पास होते.

डाव्या बाजूने सुरुवात करा. आधी गाडीखाली वाकून बघा, तेल, पाणी, डिझेल कशाचा ओघळ आहे का. पुढचे टायर हाताने चाचपा, नुसतं बघून भागत नाही, कारण आतल्या कडेची झीज उभ्याने दिसत नाही. हात आत घालून फिरवला की कळतं. पुढच्या चाकांना रिमोल्ड, म्हणजे जुन्यावर नवं रबर चढवलेला टायर असेल तर ते बोलून दाखवा. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की टायर संपला. मागच्या जोडटायरांना टॉमीने (लोखंडी दांड्याने) किंवा लाकडाने ठोका. भरलेल्या टायरचा आवाज टणक येतो, बसलेल्याचा भदभद. जोडटायरांच्या मधोमध दगड अडकलाय का बघा. हा दगड सुटून मागच्या गाडीच्या काचेवर बसतो, आणि अडकून राहिला तर दोन्ही टायर खातो. काही सुपरवायझर मुद्दाम तिथे दगड ठेवतात किंवा एक नट ढिला करून ठेवतात. मीही ठेवतो.

नटांभोवती गंजाचा ताजा तपकिरी ओघळ दिसला तर नट हललाय. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एखादं पान तुटलंय का, यू-बोल्ट जागेवर आहेत का, स्टेपनी बांधलेली आहे का, मागचा फाळका आणि त्याच्या खिट्ट्या लागल्यात का, रिफ्लेक्टर टेप आणि मागचे दिवे पुसलेले आहेत का. ताडपत्रीची दोरी लोंबत असेल तर बांधा. कंटेनर असेल तर चारही कोपऱ्यांचे ट्विस्ट लॉक हाताने हलवून बघा. जॅक, टॉमी, त्रिकोण, अग्निशामक, प्रथमोपचाराची पेटी. हे सगळं करायला पाच-सात मिनिटं लागतात. कोणी घाई करत असेल तर करू द्या. तीही परीक्षाच असते.

काही दिसलं तर गप्प राहू नका आणि नाट्यही करू नका. ‘मागचा डावा आतला टायर बसलाय वाटतं, हवा बघायला लागेल’ एवढंच पुरे.

केबिनमध्ये

चढताना तीन ठिकाणी आधार: दोन हात आणि एक पाय, किंवा दोन पाय आणि एक हात. उडी मारून उतरणारा ड्रायव्हर पन्नाशीत गुडघे धरून बसतो. सीट आणि आरसे आपल्या उंचीला लावा, बेल्ट लावा, मोबाइल सायलेंट करून बाजूला. गाडी न्यूट्रलला आणि पार्किंग ब्रेक ओढलेला आहे हे बघून मगच चावी.

इंजिन लागल्यावर लगेच रेस देऊ नका. हवेचा काटा वर चढू द्या. एअर ब्रेकच्या गाडीत हवा कमी असेल तर बझर वाजत राहतो आणि मागचे ब्रेक सुटत नाहीत. तशीच रेटली तर ब्रेकचे लाइनर जळतात. काटा भरल्यावर इंजिन बंद करून ब्रेक दाबून धरा आणि काट्याकडे बघा. सुई हळूहळू खाली सरकत असेल किंवा कुठून फुस्स ऐकू येत असेल तर हवा गळतेय. ही चाचणी स्वतःहून करणारा मला क्वचित भेटतो, आणि भेटला की मी पुढचं फारसं बघत नाही.

बीएस-६ गाड्यांमध्ये डॅशबोर्डवर दिव्यांची जत्रा असते. त्यातला एक डीईएफचा, म्हणजे धूर साफ करणाऱ्या द्रवाचा, ज्याला सगळे युरिया म्हणतात. तो संपत आला आणि दुर्लक्ष केलं तर गाडी आपोआप ताकद कमी करते आणि घाटात रांगायला लागते. युरियाच्या टाकीत पाणी घालून काम चालवणाऱ्यांचे सल्ले ऐकू नका, ती सिस्टीम बिघडली की खर्च मोठा.

रस्त्यावर

रस्त्याचा भाग बहुतेक पोरांना बऱ्यापैकी जमतो, म्हणून थोडक्यात. क्लचवर पाय ठेवून चालवू नका, शेजारच्याला ते लगेच कळतं. गिअर वेळेवर टाका, इंजिनला ओरडायला लावू नका, आणि ब्रेक लांबून, हळूहळू. माझ्या हातातल्या चहाच्या कपातून सांडलं नाही तर तुमचा पाय चांगला. वळताना मागची चाकं आत कापतात, विशेषतः डावीकडे, तिथे दुचाकीवाला घुसलेला असतो. म्हणून वळायच्या आधी डावा आरसा, वळताना पुन्हा डावा आरसा. हायवेवर डाव्या लेनला, मालवाहू गाडीला ऐंशीच्या वर जायचं नाही. अंतर ठेवा. मध्ये कार घुसली तर घुसू द्या, पुन्हा अंतर करा. हॉर्न कमी.

कोणी मागून दिवे मारतोय, कोणी शिवी देतोय, अशा वेळी तुमचा चेहरा कसा होतो हेही शेजारचा बघत असतो.

घाट

पुण्याकडची कंपनी असेल तर ट्रायलला खंबाटकी किंवा बोरघाट निघू शकतो, नाशिककडे कसारा. घाट नसला तरी कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार आहेच. तो दिसायला सौम्य, पण लांबलचक. तिथे मोठ्या गाड्यांचे ब्रेक जाऊन किती अपघात झालेत हे पुण्यात कोणालाही विचारा.

कारण साधं आहे. भरलेली गाडी उतारावर सतत ब्रेकवर धरली की ड्रम तापतात, तापलेले लाइनर पकड सोडतात, आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. न्यूट्रल केली की इंजिनची अडवणूक जाते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. इंजिनच बंद केलं तर त्याहून वाईट: कॉम्प्रेसर थांबतो, हवा भरत नाही, स्टिअरिंग जड होतं. वाचलेलं डिझेल एका लाइनरच्या किमतीचंही नसतं. शिवाय आजच्या इंजिनात गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की डिझेल जवळजवळ बंदच होतं, म्हणजे वाचवायला तिथे काही उरतही नाही.

जुने ड्रायव्हर सांगतात ते खरं आहे, ज्या गिअरला चढलात त्याच गिअरला, किंवा एक कमी, उतरायचं. उतार सुरू व्हायच्या आधी गिअर पाडा, मध्ये नाही, कारण भरल्या गाडीला उतारावर गिअर लागला नाही तर ती न्यूट्रललाच धावते. एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिननेच गाडी आवरणारा) चालू ठेवा. पायाचा ब्रेक दाबून, वेग उतरवून, पूर्ण सोडायचा, पुन्हा दाबायचा. घासत धरून ठेवायचा नाही. जळका वास आला की जागा बघून थांबा, चाकाला ठोकळा लावा, थंड होऊ द्या. गरम ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो.

‘ब्रेक लागलेच नाहीत तर?’ हा प्रश्न घाटात हमखास येतो. खालचा गिअर घ्यायचा प्रयत्न, एक्झॉस्ट ब्रेक, पार्किंग ब्रेक थोडा थोडा, हॉर्न आणि दिवे सतत, आणि काहीच जमलं नाही तर दरीकडे नाही, डोंगराकडे.

रिव्हर्स

सगळ्यात जास्त पोरं इथे पडतात. भिवंडीच्या किंवा चाकणच्या कुठल्याही गोदामात दिवसभर जे चालतं ते हेच: डॉकला, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या ओट्याला, गाडी लावणे. ट्रायलला तुम्हाला दोन गाड्यांच्या मधली जागा दाखवतील आणि म्हणतील, लाव.

पहिली गोष्ट, खाली उतरा आणि जागा पायी बघा. वर वायर आहे का, छज्जा आहे का, जमीन खचलेली आहे का, डॉकची उंची किती. दुसरी, मागे माणूस उभा करा आणि त्याला आधीच सांगा, ‘हात वर केलास की मी थांबणार.’ तो आरशात दिसेनासा झाला तर गाडी थांबलीच पाहिजे. तिसरी, जमेल तेवढं ड्रायव्हरच्या बाजूने वळवून मागे या, कारण तुमची बाजू दिसते, डावी बाजू आंधळी असते. दार उघडून, अर्धं अंग बाहेर काढून मागे बघत येणारे खूप आहेत. बघायला भारी वाटतं, पण एक हात स्टिअरिंगवर, पाय पेडलवर अर्धवट आणि डावा आरसा कोणीच बघत नाही. ट्रायलला तसं करू नका.

ट्रेलर असेल तर स्टिअरिंग उलटं चालतं. ट्रेलरचं शेपूट डावीकडे न्यायचं असेल तर आधी उजवीकडे वळवा, ते वळायला लागलं की मग डावीकडे घेऊन त्याच्या मागे जा. थोडं वळवा, थांबा, बघा. भरपूर वळवलं की ट्रेलर आणि घोडा (पुढची ओढणारी गाडी) एकमेकांत घडी घालतात. तसं होताना दिसलं की पुढे घ्या, सरळ करा, पुन्हा या. पुढे घेण्याने मार्क जात नाहीत. कोपरा घासला की जातात. तीनदा पुढे-मागे करून सरळ लावणारा एका दमात तिरका लावणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा.

सराव कुठे करायचा? रविवारी एमआयडीसीतले आतले रस्ते मोकळे असतात, मालकाच्या परवानगीने रिकामी गाडी घेऊन दोन ड्रम किंवा पोती ठेवून करा. पुण्यात भोसरीला नाशिक फाट्याजवळ आयडीटीआर या ड्रायव्हिंग प्रशिक्षण संस्थेचा ट्रॅक आहे, तिथे रीतसर प्रशिक्षणही मिळतं. क्लीनर म्हणून असाल तर ड्रायव्हरला विनवणी करून यार्डातली गाडी लावायचं काम मागून घ्या.

तुम्ही काय विचारायचं

निवड झाली की सगळे ‘कधीपासून येऊ’ एवढंच विचारतात. थांबा. पगार किती, भत्ता ट्रिपवर की किलोमीटरवर, आणि गाडी लोडिंगला दोन दिवस उभी राहिली तर त्या दिवसांचं काय? खर्ची, म्हणजे वाटखर्चाचे पैसे, आगाऊ मिळते का, तिचा हिशेब कुठे द्यायचा, ढाब्याच्या पावत्या चालतात का? टोल फास्टॅगवर, पण बॅलन्स संपला तर कोणाला फोन? चलान आलं तर कुठलं कंपनी भरणार आणि कुठलं तुम्ही? डिझेलचं ॲव्हरेज कमी आलं तर कापतात का, आणि ठरलेला आकडा कुठल्या गाडीवरून काढलाय? महिन्यातून घरी किती दिवस? पीएफ, ईएसआय, अपघात विमा आहे का? गाडीला एसी आहे का, हेही विचारायला लाजू नका; १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकांच्या केबिनला तो सक्तीचा झालाय.

मूळ लायसन्स कोणाकडे ठेवायला देऊ नका, झेरॉक्स द्या. डिजिलॉकरमधलं लायसन्सही रस्त्यावर चालतं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही नको. सुरुवातीलाच मोठी उचल घेऊ नका. उचल फिटेपर्यंत पाय बांधले जातात आणि मग नको त्या लाइनला नाही म्हणता येत नाही. नेमणुकीचं पत्र मागा. देत नसतील तर निदान व्हॉट्सॲपवर पगार-भत्ता लिहून घ्या.

नाही झाली निवड, तर जाताना सुपरवायझरला विचारा, ‘सर, कुठे कमी पडलो?’ बहुतेक जण खरं सांगतात. रिव्हर्स म्हटलं तर महिनाभर रिव्हर्स करा आणि त्याच गेटवर पुन्हा जा. ड्रायव्हर सगळ्यांनाच कमी पडतायत, त्यामुळे दुसऱ्यांदा आलेल्याला कोणी हाकलत नाही.

आणि झाली, तर पहिल्या ट्रिपला जुना ड्रायव्हर जोडीला मागा. गाडीचा क्लच कुठे पकडतो, कुठल्या गोदामाच्या गेटवर किती तास थांबावं लागतं, कुठल्या ढाब्यावर रात्री गाडी उभी केली तर डिझेलची टाकी सकाळी भरलेली सापडते, हे कुठल्याही फाइलमध्ये लिहिलेलं नसतं. निघायच्या आधी त्या गाडीचे जुने ओरखडे, फुटलेली लाइट, चेपलेला बंपर यांचे फोटो काढून सुपरवायझरला पाठवा.